‘रिसेट मारू नका’ म्हणणाऱ्याकडून जुना लॅपटॉप घेतला

कागदी_होडी | शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, चूक माझी आहे हे आधीच कबूल करतो. त्यामुळे ‘असं कसं केलंत?’ हा प्रतिसाद देऊ नका, तो घरात रोज मिळतोय.

भाचीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉप हवा होता. नवा झेपणारा नव्हता, म्हणून जाहिरातींच्या साइटवर शोधत होतो. एक जाहिरात नजरेत भरली. दोन वर्षं जुना, कंपन्या आपल्या लोकांना देतात त्या मालिकेतला दणकट लॅपटॉप, आणि तशाच बाकीच्या जाहिरातींपेक्षा किंमत साधारण एक तृतीयांशाने कमी. कारण पटण्यासारखं: ‘घर बदलतोय, सामान कमी करतोय.’ बिल? ‘खोक्यांत कुठेतरी गेलंय, सापडलं की फोटो पाठवतो.’

माणूस बोलायला गोड. भाची काय शिकते, कुठली सॉफ्टवेअर लागतील, एवढी रॅम पुरेल का, सगळी आपुलकीने चौकशी. भेट त्याच्या इमारतीच्या लॉबीत ठरली, कारण ‘वर सगळा पसारा आहे’. (तो त्या इमारतीत राहतच नव्हता, हे नंतर वॉचमनकडून कळलं.)

मी अगदीच हात हलवत गेलो नव्हतो, यादी करून नेली होती. प्रत्येक कळ दाबून पाहिली, सगळ्या यूएसबी पोर्टांत पेनड्राइव्ह घालून पाहिला. कॅमेरा, माइक, स्पीकर तपासले, स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी करून मेलेले पिक्सेल शोधले. बिजागरी घट्ट, बॅटरी ठीक. इंटरनेट तेवढं जोडलं नाही. लॉबीत वायफाय नव्हतं. फोनचं हॉटस्पॉट लावू म्हणेपर्यंत त्याला फोन आला: ‘दुसरं गिऱ्हाईक गेटवर येऊन थांबलंय.’ आता लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पैसे रोख मोजून दिले.

निघताना तो म्हणाला, ‘सर, विंडोज एकदम फ्रेश टाकून दिलंय. फक्त रिसेट मारू नका, ड्रायव्हर उडतात.’ मी मान डोलावली. वर आभार मानले.

नऊ दिवस मशिन उत्तम चाललं. दहाव्या दिवशी भाचीने रिसेट मारला. ‘दुसऱ्याने वापरलेल्या मशिनमध्ये त्याने काय काय ठेवलंय कोणाला माहीत’ हा तिचा मुद्दा. तिचं वय एकोणीस. मामाचं विचारू नका. रिसेट झाला, तिने वायफायचा पासवर्ड टाकला आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव आणि लोगो आला. खाली ओळ: आपल्या कार्यालयीन ईमेलने लॉगइन करा. पुढे जायची दुसरी वाटच नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘रिसेट मारू नका म्हणालो होतो ना?’ मग ब्लॉक. तासाभरात जाहिरातही गायब.

तर हे नेमकं काय आहे, यातून सुटका आहे का, आणि मी आता कोणाकडे जाऊ?

सोल्डरवाला | शनिवार, रात्री ९.५५

याला ऑटोपायलट म्हणतात. कंपनी लॅपटॉप घेते तेव्हा त्याची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवते. विंडोज पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट मिळालं की ते मायक्रोसॉफ्टला विचारतं, ‘हे मशिन कोणाचं?’ नोंद सापडली की तुम्ही पाहिलेला पडदा येतो. इंटरनेटच नसेल तर विचारणार कोणाला? म्हणून तुमच्या माणसाने इंटरनेट न जोडता विंडोज टाकलं, साधं लोकल अकाउंट काढलं आणि लॉबीत आणून दाखवलं.

ड्रायव्हर उडणं वगैरे थापा. त्याला उघडं पडायची भीती होती.

डिस्क बदला, विंडोज दहा वेळा टाका, नोंद तशीच राहते, कारण ओळख मदरबोर्डाशी बांधलेली असते. ॲपलच्या मॅकबुकमध्येही हाच प्रकार आहे. तिथे सिरीयल नंबर कंपनीच्या यादीत असतो आणि सेटअप करताना ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा येतो.

दुरुस्तीच्या टेबलावर असे लॅपटॉप नेहमी येतात. येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘एवढं काढून द्या ना, बाकी मशिन चांगलं आहे.’ मी हात लावत नाही. ते मशिन कोणाचं आहे ते पडद्यावरच लिहिलेलं असतं.

कागदी_होडी | शनिवार, रात्री १०.२०

धन्यवाद. पोटात गोळा आला, पण निदान कळलं तरी. म्हणजे हे चोरीचं आहे?

सोल्डरवाला | शनिवार, रात्री १०.३१

असेलच असं नाही. तीन शक्यता दिसतात. चोरीचा. नोकरी सोडताना परत न केलेला. किंवा कंपनीने रीतसर भंगारात, लिलावात काढलेला, पण नोंद काढायची विसरलेली. तिसरं असेल तर नशीब. कंपनीचा आयटी विभाग काही मिनिटांत नोंद काढू शकतो. विचारल्याशिवाय कळायचं नाही. सिरीयल नंबर मशिनच्या पोटावरच्या स्टिकरवरून घेऊ नका, बायोसमधून (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशिनचा मूळ प्रोग्राम) घ्या. स्टिकर बदलता येतो.

वाकडी_वाट | शनिवार, रात्री ११.०५

सगळे हळहळताहेत म्हणून मी वाईटपणा घेतो. बाजारभावापेक्षा एक तृतीयांश कमी, बिल नाही, घरात घेत नाही, वर दुसरं गिऱ्हाईक गेटवर उभं. यातली एक गोष्ट असती तर दुर्लक्ष समजू शकतो. चारही असताना पैसे मोजले म्हणजे डोळे मिटून दूध पिणं झालं. स्वस्तातलं हवं असतं तेव्हा आपणच स्वतःला पटवून देतो, विक्रेत्याला फार मेहनत पडत नाही. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

उमलती_सांज | शनिवार, रात्री ११.२०

@वाकडी_वाट, जुनं घेणारा प्रत्येक जण स्वस्तातच घेत असतो, म्हणूनच जुनं घेतो. त्याला लोभ म्हणायचं तर गरज कशाला म्हणणार? फसवणारा एक आणि आपण जाब विचारतोय फसलेल्याला.

होडीराव, तुमची एकट्याची गत नाही. माझा किस्सा ऐका. आयफोन घेतला होता. माणसाने सगळं दाखवलं, फोन सुरू, झकास. त्यात त्याचं आयक्लाउड खातं तसंच होतं. म्हणाला, ‘पासवर्ड आत्ता आठवत नाही, घरी लिहून ठेवलाय, गेल्या गेल्या साइन आउट करून टाकतो.’ मीही ‘हो हो, सावकाश करा’ म्हटलं. घरी जाऊन त्याने ‘फाइंड माय’ या हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून फोन हरवल्याचं दाखवून लॉक केला आणि मला मेसेज केला की उघडायचा असेल तर आणखी पैसे पाठवा. धमकीच्या आवाजात नाही हो, अगदी हिशेबाची वही वाचून दाखवल्यासारखा. माझ्याच हातातल्या फोनसाठी मलाच खंडणी!

पाठवले नाहीत. फोन अजून कपाटात आहे, आरशासारखा वापरते.

शंकासुर | रविवार, सकाळी ७.४०

मूलभूत प्रश्न, हसू नका. फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) तपासला की एवढं पुरे ना? मी पुढच्या आठवड्यात एक फोन बघायला जाणार आहे.

सोल्डरवाला | रविवार, सकाळी ९.१५

हसत नाही. आयएमईआय हवाच, पण त्याची धाव कुठवर ते समजून घ्या.

*#०६# डायल केलं की पंधरा अंकी नंबर दिसतो, दोन सिमच्या फोनला बहुधा दोन. पहिल्या आठ अंकांवरून मॉडेल कळतं, शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला असतो. तर पडद्यावरचा नंबर, सेटिंग्जमधला नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळला पाहिजे, आणि नंबरावरून निघणारं मॉडेल हातातल्या फोनशी जुळलं पाहिजे. महागड्या मॉडेलची नक्कल असेल तर बरेचदा इथेच फसते.

आता पुढचं. चोरीच्या, हरवलेल्या फोनांच्या काळ्या यादीत आज नसलेला नंबर महिन्याने येऊ शकतो. काही महाभाग फोन विकून पैसे खिशात घालतात आणि मग तो चोरीला गेल्याची तक्रार करून विम्याचेही पैसे मागतात. तुमच्या हातातला चालता फोन एका सकाळी नेटवर्क सोडतो. म्हणून विकणाऱ्याचं नाव आणि सहीचा कागद घ्या, त्यावर आयएमईआय लिहा. सही करायला कां-कूं करणारा आपलं उत्तर आपणच देतो.

आयएमईआय आणि खात्याचं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आलं. अँड्रॉइडमध्ये तसंच संरक्षण ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून. नंबर स्वच्छ असूनही फोन कुलूपबंद असू शकतो. सांजताईंचं तेच झालं. साइन आउट त्याने, त्याच्या पासवर्डने, तुमच्या डोळ्यांदेखत. मग रिसेट. मग तुमचं सिम घालून, तुमच्या खात्याने फोन सुरू करायचा. ‘स्वागत आहे’चा पडदा संपून होमस्क्रीन येईपर्यंत पैसे खिशातच.

शंकासुर | रविवार, सकाळी ९.२२

वाचनखूण साठवली. पण विक्रेता म्हणाला, ‘एवढा वेळ नाही’, तर?

सोल्डरवाला | रविवार, सकाळी ९.२४

तर तुम्हालाही नाही.

तीनतेरा | रविवार, दुपारी १२.५०

हार्ड डिस्कची गोष्ट सांगतो, धाग्यात फोन फार झाले.

घरचे फोटो साठवायला मोठी डिस्क घेतली. जाहिरातीत ‘जेमतेम सहा महिने वापर’. आणून जोडली, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टची नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) उघडली. पॉवर-ऑन अवर्स: ४१ हजारांच्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०. भागाकार करा. साडेचार वर्षांहून जास्त, एक क्षणही बंद न करता. ही डिस्क कुठल्यातरी सर्व्हरमध्ये रात्रंदिवस राबून निवृत्त झालेली. विक्रेत्याला स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे, ‘सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं.’

तासांपेक्षाही मी दोन आकडे आधी बघतो: रीॲलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर. पहिला म्हणजे डिस्कने खराब म्हणून वगळलेल्या जागा. दुसरा म्हणजे जिथलं वाचता येत नाहीये आणि निकाल लागायचाय अशा जागा. हे शून्य नसतील तर डिस्क फुकटही नको. माझ्या डिस्कचे शून्य होते, म्हणून अजून चालतेय. घोडं म्हातारं, पण लंगडं नाही.

अवांतर: तासांचा आकडासुद्धा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या तंत्रपत्रकारांनी असा घोटाळा उघडकीस आणला. हजारो तास वापरलेल्या डिस्क स्मार्टची नोंद शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात होत्या, आणि घेणाऱ्यांनी त्या जाहिरातींतून नव्हे, चक्क दुकानांतून नव्या म्हणून घेतल्या होत्या. पकडल्या गेल्या कशा? त्या डिस्क ‘फार्म’ नावाची आणखी एक, आतली नोंद ठेवतात. पुसणाऱ्यांनी ती पुसलीच नव्हती.

जाड_भिंग | रविवार, दुपारी १.३५

विकणाऱ्यांच्या बाजूने एक तक्रार. मी कॅमेरा आणि लेन्स विकली. शटर किती वेळा उडालंय तो आकडा जाहिरातीत स्वतःहून लिहिला, लेन्सच्या आतल्या धुळीच्या कणाचासुद्धा फोटो टाकला. घेणाऱ्याने चार दिवसांनी ‘बुरशी आहे’ म्हणत लेन्स परत आणली. बुरशी होती खरी, फक्त लेन्स माझी नव्हती. त्याच मॉडेलची त्याची जुनी होती. सिरीयल नंबर मी टिपून ठेवला होता म्हणून वाचलो.

तेव्हा देणाऱ्यानेही नंबराचे फोटो काढून ठेवा.

मुक्काम_पोस्ट | रविवार, दुपारी ४.०५

वरचा लोभ-गरज वाद वाचून जॉर्ज ॲकरलॉफ आठवले. या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. अमेरिकेत खोट असलेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात, निबंधाच्या नावातही तेच लिंबू आहे. मुद्दा असा: गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि भाव पाडून मागतो. पडलेल्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात लिंबं. मग भाव आणखी पडतो.

तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता. त्यातल्या दोघांचं म्हणणं, हे फारच क्षुल्लक आहे! २००१ मध्ये ॲकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आता @वाकडी_वाट यांना सांगायचं तर, होडीरावांना ठकवणारा फक्त त्यांचे पैसे घेऊन गेला नाही. जाड_भिंग यांच्यासारखा धुळीचा कण दाखवणारा माणूस उद्या विकायला बसेल तेव्हा त्यालाही भाव कमी मिळणार आहे.

वाकडी_वाट | रविवार, दुपारी ४.४०

नोबेल आणलंत, आता मी काय बोलणार. पण मी विक्रेत्याला निर्दोष म्हटलेलं नाही. त्याने निदान किंमत तरी बाजारभावाची लावायला हवी होती असं म्हणतोय.

उमलती_सांज | रविवार, दुपारी ४.४३

:)

कागदी_होडी | रविवार, रात्री ८.१५

सगळं वाचतोय. त्या माणसाचा नंबर इथे देतो, कोणाला ओळखीचा वाटला तर सांगा: [मजकूर काढला]

संपादक मंडळ | रविवार, रात्री ८.३०

वरच्या प्रतिसादातला फोन नंबर काढला आहे. असे नंबर बरेचदा तिसऱ्याच्याच नावावर असतात, उगाच कोणालातरी रात्री-अपरात्री फोन जायचे. नंबर पोलीस तक्रारीत द्यावा.

अळीमिळी | सोमवार, रात्री १२.१०

हे खूप वेळा लिहून खोडलं. नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये.

तीन वर्षांपूर्वी मी एक फोन विकला. तो वीसेक मिनिटं वापरला की तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. गार झाला की पुन्हा नीट. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं की बोर्डात दोष आहे, खर्च करण्यात अर्थ नाही. जाहिरातीत मी लिहिलं: ‘उत्तम स्थितीत, एकही ओरखडा नाही.’ ओरखडा खरंच नव्हता.

भेट मी सकाळी सातला ठेवली. कारण दिलं ऑफिसचं. खरं कारण थंडी. फोन आदल्या रात्रीपासून बंद ठेवला होता, भेटायच्या आधी पाच मिनिटं सुरू केला. तो मुलगा कॅमेरा बघू लागला तेव्हा मी त्याला बोलण्यात गुंतवलं, कारण व्हिडिओ काढला असता तर फोन लवकर तापला असता. बारा मिनिटांत व्यवहार आटोपला. मी घड्याळ बघत होतो म्हणून नक्की आठवतं.

होडी यांच्या धाग्यातली लॉबी आणि गेटवरचं गिऱ्हाईक वाचलं आणि माझी सकाळ आठवली. मी एकही गोष्ट लपवली नाही हो, फोन त्याच्या हातातच होता. फक्त जागा मी ठरवली, वेळ मी ठरवली आणि किती वेळ हेही मीच ठरवलं.

त्याचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत.

उमलती_सांज | सोमवार, सकाळी ८.०५

नंबर आहे अजून त्याचा?

अळीमिळी | सोमवार, सकाळी ८.५०

हो.

वाकडी_वाट | सोमवार, सकाळी ९.३०

मग इथे कशाला लिहिताय? त्याला लिहा.

सोल्डरवाला | सोमवार, रात्री १०.४५

अळीमिळी, शिव्या देणारे देतीलच. माझ्या कामाची माहिती मात्र तुम्ही दिलीत.

बोर्डाचे बरेच दोष उष्णतेने उघडे पडतात. म्हणून लोक विकायचं मशिन थंड आणतात. मी स्वतः जुनं घेताना लॅपटॉपवर अर्धा तास व्हिडिओ चालवतो, फोनवर दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग करतो, चार्जर काढून. लॅपटॉप आधीच चार्जरला लावून ठेवला असेल तर पहिलं काम तो काढणं. बॅटरी मेलेली असली की असा लॅपटॉप काढल्या काढल्या डोळे मिटतो. विंडोजच्या कमांडखिडकीत ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून ‘स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ लिहिलं की एक पान तयार होतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मॅकमध्ये सिस्टम रिपोर्टात चार्ज सायकलींचा (बॅटरी वापरून पुन्हा भरल्याच्या फेऱ्यांचा) आकडा असतो, बहुतेक मॅकबुकांसाठी ॲपल हजार सायकली धरतं.

आणि लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगत असेल, किंवा टचपॅड वर आलेलं, दाबलं न जाणारं असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. लिथियम बॅटरी आतून वायू धरते. तो ‘किरकोळ फिटिंगचा प्रॉब्लेम’ नसतो, टोचायची-दाबायची वस्तू तर नाहीच नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा. आयओएस १५.२ पासून, नव्या मॉडेलांत बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा बदलला असेल तर तिथे नोंद दिसते. बदललेला भाग असणं हा गुन्हा नव्हे. विचारल्यावर ‘कधी उघडलाच नाही’ म्हणणं मात्र कळतं.

तीनतेरा | सोमवार, रात्री ११.१०

यात पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं जोडा. आत नाममात्र जागा, पण कंट्रोलरला (आतल्या नियंत्रक चिपला) खोटं सांगायला शिकवलेलं असतं. संगणकाला तो मोठाच आकडा दाखवतो. भरत गेलं की जुन्या फायलींवर नव्या चढतात किंवा हवेत जातात. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला तासन्‌तास लागतात. रस्त्यात उभ्या उभ्या होणारं काम नाही. म्हणून ही वस्तू मी जुनी घेतच नाही.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७.५५

ज्याचा फोन बघायला जाणार होतो त्याने आज सांगितलं, ‘खूप लोक विचारताहेत, थोडे पैसे आधी पाठवले तर तुमच्यासाठी ठेवतो.’ पाठवू?

सगळ्यांच्या वतीने उमलती_सांज | मंगळवार, सकाळी ८.०१

नाही!!!

त्याला सांगा, फोनशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं टोपणनाव लिहून फोटो पाठवा. त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ कॉल. जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्येही टाकून बघा.

शंकासुर | मंगळवार, रात्री ९.३०

कागदाचा फोटो मागितल्यावर म्हणाला, ‘विश्वास नसेल तर राहू द्या.’ राहू दिलं. तोच फोटो दुसऱ्या एका साइटवर वेगळ्याच माणसाच्या जाहिरातीत सापडला.

कागदी_होडी | पुढच्या शुक्रवारी, रात्री ९.४५

अपडेट. त्या कंपनीच्या सार्वजनिक पत्त्यावर ईमेल केला. सिरीयल नंबर (बायोसमधला), पडद्याचा फोटो आणि सगळी हकिगत लिहिली. भाचीचा आग्रह होता. मी दोन दिवस टाळत होतो, खोटं कशाला बोलू. एका दुकानदाराने ‘करून देतो’ म्हटलं होतं आणि मी जवळपास तयार झालो होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या आयटीतल्या बाईंचा फोन आला. सोल्डरवाल्यांची दुसरी शक्यता खरी निघाली. नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी लॅपटॉप परत केला नव्हता. तो ‘कोणीतरी’ म्हणजेच माझा गोड माणूस की मध्ये आणखी हात आहेत, ते त्या सांगू शकत नव्हत्या. मशिन त्यांचंच असल्यामुळे परत द्यावं लागलं. पोचपावती दिली, वागायला अतिशय नीट होत्या, पण पैशांचा प्रश्न माझा.

ती पावती, चॅटचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा फोटो जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. जाहिरात गायब होण्याआधी भाचीने तिचा स्क्रीनशॉट काढला होता, मला सुचलं नव्हतं. रोख दिल्यामुळे पैशांचा माग काहीच नाही. खात्यातून दिले असते तर निदान एक नाव तरी हाती लागलं असतं.

भाची सध्या माझा जुना डेस्कटॉप वापरते. तक्रार नाही, पण पंखा फार वाजतो म्हणते.

मुक्काम_पोस्ट | पुढच्या शुक्रवारी, रात्री १०.२०

पैसे गेले, पण मशिन परत केलंत हे वाचून बरं वाटलं. माझ्यात ती हिंमत असती का, सांगता येत नाही.

अळीमिळी | पुढच्या शनिवारी, रात्री १.३०

मेसेज केला. अजून वाचलेला दिसत नाही. नंबर बदलला असेल.

कागदी_होडी | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३.२०

धागा वर काढतोय, क्षमस्व.

आज सहज त्याच साइटवर गेलो. नवी जाहिरात, नवं नाव, दुसरंच मॉडेल. ‘घर बदलतोय, सामान कमी करतोय.’ फोटोत लॅपटॉपखालचं टेबल तेच, उजव्या कोपऱ्यात इस्त्री टेकल्यासारखा तपकिरी डाग. आमच्या स्क्रीनशॉटशी ताडून पाहिलं. साइटकडे तक्रार नोंदवली, पोलिसांनाही दुवा पाठवला.

मग भाचीच्या नंबरावरून त्याला मेसेज केला: ‘लॅपटॉप आवडला. दाखवाल तिथे येते. येताना माझं इंटरनेट आणते, तुमच्यासमोर एकदा रिसेट करून बघू. तास-दीड तास लागेल. चालेल ना?’

दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘सॉरी, विकला गेला.’

जाहिरात आत्ता, हे लिहिताना, तशीच आहे.